कबरी

अल्लीपूरच्या स्टँडवर एसटी सुरू झाली तरी आई खिडकीला हात लावून उभी होती. शेवटचं म्हणून काय सांगावं तिनं? "बाह्या खाली घेजो माय. लोकाईले दिसते." माझ्या दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग आहेत. भर मे महिन्यात मी बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि गाव सोडलं.

गावात मला कबरी म्हणत. मुळात ते आमच्या काळ्यापांढऱ्या शेळीचं नाव. शाळेतल्या पोरींनी ते उचलून मला चिकटवलं. शेळी गेली, नाव माझ्याकडे राहिलं.

पुण्यात कोणी कबरी म्हणत नाही. ऑफिसात 'स्किन कंडिशन' म्हणतात, तेही आवाज खाली आणून. मी भाषांतराचं काम करते. एका दुपारी भलताच शब्द शोधताना शब्दकोशात 'कबरा' दिसला. मूळ संस्कृत 'कर्बुर', म्हणजे अनेक रंगांचा. मग हट्टानं संस्कृत कोशही काढला. त्यात कर्बुरचे आणखी अर्थ होते: राक्षस, आंबेहळद आणि सोनं! मी डेस्कवर एकटीच हसले, मग रडलेही. गावकऱ्यांनो, एवढी वर्षं तुम्ही मला सोनं म्हणत होतात आणि तुम्हालाच पत्ता नव्हता. राक्षस म्हणालात तरी चालेल म्हणा. त्या दुपारी बाह्या दुमडल्या, त्या आजतागायत.

परवा आईचा फोन आला. धाकटीचं लग्न ठरलंय, नवरदेव नालवाडीचा. सगळं भरभरून सांगून झाल्यावर ती अडखळली. "तू हळद दुरूनच पायजो."

"काऊन?"

"तिकडची लोकं येतीन. नाव ठेवतीन, माय."

मी फोन ठेवला आणि थेट धाकटीला लावला. ती म्हणाली, "तुह्या हातानं लागन त लागन, नाई त मले हळदच नोको."

तेव्हा अल्लीपूरकरांनो, आणि तिथून माझ्यासारख्याच बाह्या ओढून निघालेल्यांनो, आत्ताच सांगून ठेवते. ब्लाउज शिवून झालाय, अर्ध्या बाह्यांचा. पहिली हळद मी लावणार. पुण्यात मी सुखात आहे, पण कबरी म्हटल्यावर मान वळते ती तिकडेच. माझं घर अजून तेच आहे. मांडवात खुशाल हाक मारा, मी ओ देईन. बाह्या मात्र खाली घेणार नाही.