दादाच्या गोळ्या कोणी बंद केल्या

जालन्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवतो. औषधाने वागणं कसं बदलतं, हा माझा विषय. पूर्वी प्रयोगाला उंदीर असायचे, आता सगळं संगणकावर दाखवतात. उंदराला हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध टोचायचं, पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवायचे आणि तो किती सेकंदांनी उतरतो ते मोजायचं. औषध भिनलेला उंदीर उतरतच नाही. "वेड्यांना असंच शहाणं करतात," असं मी म्हणायचो. पोरं हसायची, मीही खूश व्हायचो.

परतूरला माझा दादा हेच औषध घ्यायचा. दादा शिंपी. त्याला आवाज ऐकू यायचे, सगळे आपल्या मागावर आहेत असं वाटायचं. गोळ्या लागू पडल्या आणि तो पुन्हा मशीनवर बसला. तेव्हा त्या गोळ्यांना ओवाळायचं तेवढं मी बाकी ठेवलं होतं.

घराण्यात औषधाचं शिकलेला मी एकटा. कोणत्याही डॉक्टरची चिठ्ठी आधी माझ्या मोबाइलवर येते, मी हो म्हटलं की मग मेडिकलमध्ये जाते. हा मान मला फार आवडायचा, खोटं कशाला बोलू?

एका रविवारी गेलो तर दादा दाराच्या चौकटीला हात लावून उभा. चेहरा कोरा, ओठांच्या कोपऱ्यात लाळ. मी मनात सेकंद मोजू लागलो. सख्ख्या भावाचे! शंभर झाले तरी तो हलला नाही. माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, उद्यापासून ह्या गोळ्या बंद."

"डॉक्टरला इचारलं का, भाऊजी?"

"विचारलं."

विचारलं नव्हतं. असा ताठरपणा आला तर डोस कमी करतात, औषध बदलतात, हे दरवर्षी मीच फळ्यावर लिहितो.

पहिले काही दिवस दादा हसला, बोलला. मग आवाज परत आले. महिन्याभरात तो कोणाला न सांगता घराबाहेर पडला. स्टेशनवर कोणीतरी पाहिला म्हणे, एवढंच कळलं. दोन वर्षं झाली, तो परतला नाही.

इतक्या वर्षांच्या गोळ्यांनीच त्याचं डोकं बिघडलं, असं लोक म्हणाले. वहिनीलाही ते पटलं. डॉक्टरनेच बंद करायला सांगितल्या होत्या ना! मी गप्प बसलो. वर्गात मात्र तेव्हापासून विनोद बंद. गोळ्या अचानक सोडू देऊ नका, हे इतक्यांदा सांगतो की पोरं कंटाळतात. भित्रा माणूस आहे मी.

मागच्या महिन्यात वहिनीकडे बसलो असताना शेजारीण आली. तिच्या मुलीलाही तशाच गोळ्या होत्या. "बंदच करून टाकल्या म्या," ती म्हणाली. "तुमच्या दादावानी पोरीचं व्हाया नको. पन आठ दिस झाले, बिलकुल झोपून न्हाई राह्यली. एकटीच बोलती."

मी ओरडलोच, "डॉक्टरला न विचारता बंद करतात का?"

शेजारीण दचकली. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही इचारलं व्हतं ना, भाऊजी?"

"नाही," मी म्हणालो.

वहिनीने उठून चपला घातल्या.

"चल, पोरीला घे," ती शेजारणीला म्हणाली. "आत्ताच जाऊ डॉक्टरकडं. ह्यांना काई इचारू नको."