न मोडायचा जिना

सिनेमाच्या स्टुडिओत माझ्या बाबांना ‘अर्धाखिळा’ म्हणत. ते सेटवरचे सुतार. लोक तोंडावर म्हणत आणि बाबा खुशाल ओ देत, कारण त्यांच्या धंद्यात ती शाबासकी होती. सेट उभा करायचा तोच मोडण्यासाठी. चित्रीकरण संपलं की त्याच जागेवर दुसऱ्या सिनेमाची भिंत यायची असते, तेव्हा खिळा पुरता आत ठोकणारा सुतार म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप. खिळा निम्मा आत, निम्मा बाहेर, आणि तोही मागच्या बाजूने. पुढून भिंत गुळगुळीत, मागून साळिंदर. मोडायच्या वेळी खिळ्याचं डोकं पकडीत धरायचं, एक हिसका द्यायचा, फळी हातात. “राजवाडा असो की तुरुंग, जेवणाच्या सुट्टीत आडवा करून देतो,” बाबा सांगत, “आणि एका फळीला तडा जाणार नाही.” यात बढाई होती, पण थोडीच.

हीच कला त्यांनी घरी आणली आणि तिथे मात्र तिची कदर झाली नाही. आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट बाबांच्या हातचं. त्याच्या कडेला खिळ्यांची डोकी बाहेर. “घर बदललं की काढायला सोपं,” हे त्यांचं उत्तर. घर काही बदललं नाही. माझं शिक्षण झालं, लग्न झालं, कपाट होतं तिथेच राहिलं आणि आईच्या प्रत्येक कपड्याच्या उजव्या बाहीला रफू आला. आई शिवणकाम करते, त्यामुळे रफू दुसऱ्या कुणाला दिसत नसे. बाबांना मात्र ती बोट ठेवून दाखवत असे.

“अहो, तुमचं सगळं काम कच्च्या टाक्याचं,” ती म्हणायची. कच्चा टाका म्हणजे कापड अंगावर बसतंय का ते बघायला घातलेला लांब, सैल टाका. पक्की शिलाई झाली की तो उसवून टाकायचा.

बाबांचा एकही सेट आईने उभा पाहिला नव्हता. हातातले कपडे गिऱ्हाइकाला देऊन ती मोकळी होईपर्यंत सेट मोडलेला असे. एकदा मात्र तिने मशीनवर कापड टाकलं, मला घेतलं आणि स्टुडिओ गाठला. बाबा झाडू मारत होते. “अगं, कालच यायचं ना,” ते म्हणाले आणि रिकाम्या जागेत हात फिरवून दाखवू लागले, इथे दिवाणखाना होता, इथून जिना वर जात होता. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “छान होता जिना.” त्या दिवशी तिने स्वतःसाठी शिवलेला नवा पोशाख घातला होता, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. पुन्हा तिने सेट बघण्याचं नाव काढलं नाही.

बाबा निवृत्त झाले आणि आमच्या शहरात एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत सिनेमाचं संग्रहालय होऊ लागलं. तिथल्या संचालकबाईंना शेवटच्या मोठ्या दालनात एक खराखुरा सेट हवा होता. बाबांना बोलावणं आलं. घरी येऊन ते उभ्याउभ्याच म्हणाले, “हा मोडायचा नाही. कायमचा.”

आईने सुईत दोरा ओवला. “उद्घाटन झालं की बघेन. त्याआधी नाही.” दुधाने तोंड पोळलं होतं, ताकही फुंकून पिणारच.

मला मात्र बाबांनी रंग वाळायच्या आत फिरवून आणलं, आणि असं फिरवलं की जणू इमारत त्यांच्याच नावावर आहे. पहिल्या खोलीत काचेच्या पेट्यांत जुने कॅमेरे. “यातल्या दोघांनी माझी भिंत पाहिलेली आहे,” बाबांनी ओळख करून दिली. पुढची खोली दिवसाही काळोखी, तिथे भिंतीवर जुन्या फितींतली चित्रं हलत होती आणि बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागावेत. मग कपड्यांची खोली, मग आवाजांची. तिथे एका ताटात वाळके वाटाणे ठेवले होते. ताट हळू फिरवलं की पाऊस पडल्याचा आवाज येई. बाबांनी तो पाऊस जरा जास्तच पाडला, तेव्हा राखणदाराने डोकावून पाहिलं.

आणि शेवटी त्यांचं दालन. तीन भिंतींचा दिवाणखाना, चौथी भिंत नाहीच, कारण तिथे कॅमेरा. एक दार, खिडकीबाहेर रंगवलेलं आकाश, आणि कोपऱ्यातून वळण घेत वर जाणारा जिना. जिन्याच्या वर काहीच नव्हतं. शेवटच्या पायरीपुढे कठडा, बस्स. लोकांनी आधी समोरून खोली बघायची, जिना चढायचा, मग वळसा घालून मागे जायचं आणि टेकू, उघडं लाकूड, सगळी लबाडी बघायची, अशी योजना होती. मी भारावून गेले, हे कबूल करते. मागच्या बाजूला अंधार होता, तिकडे मी बघितलंच नाही.

उद्घाटनाच्या आठवड्यात सुरक्षेची तपासणी करणारे साहेब आले. बाबांनी मला मुद्दाम बोलावलं होतं, कौतुक ऐकायला. साहेब जिना चढले, वर जाऊन उभे राहिले, कठड्यावर हात ठेवून खाली वाकले, आणि कठडा त्यांच्या हातात आला. राखणदाराने मागून कमरेला धरलं म्हणून बरं. साहेब खाली उतरले तेव्हाही कठडा त्यांच्या हातातच होता. तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

संचालकबाई टॉर्च घेऊन मागे गेल्या. सगळे खिळे अर्धे. बाबांनी एकेका खिळ्यावरून बोट फिरवलं. “मी पुरते ठोकले होते की,” ते पुटपुटले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“काका, लोक चढणार आहेत इथे,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता आणि त्यांचं काही चुकतही नव्हतं. “मोडून टाका. या जागी आपण सेटचा मोठा फोटो लावू.”

आयुष्यभर ‘मोडा’ ऐकून हसत पक्कड उचलणारा माणूस पहिल्यांदा पक्कड न उचलता उभा राहिला. मग म्हणाला, “मोडतो. पण फोटो नको. साहेबांना उद्घाटनाच्या आदल्या दिवशी परत बोलवा. कठडा हलला तर मी स्वतः फोटो टांगतो.”

साहेब म्हणाले, “निदान स्क्रू तरी वापरा.”

“स्क्रू पिळायला मी काय घड्याळजी आहे?” बाबा म्हणाले. रुबाब अजून शाबूत होता.

मोडणं झटपट झालं. कामगार हातातलं काम सोडून बघत राहिले, आणि बाबांनी सांगितल्याप्रमाणे एकाही फळीला तडा गेला नाही. पण उभारायला घेतलं तेव्हा पंचाईत झाली. बाबा ठोकत, खिळा निम्मा आत जाई आणि हातोडा आपोआप थांबे. मी म्हणे, “बाबा, अजून.” ते पुन्हा उचलत, पण घाव तिरका बसे, खिळा वाकडा होई. संध्याकाळपर्यंत वाकड्या खिळ्यांचा ढीग झाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी मनात म्हटलं, आणि स्वतःचाच राग आला.

घरी बाबांनी ताट बाजूला सारलं. “फोटोच लावू दे त्यांना,” ते म्हणाले. “हात ऐकत नाही.”

आई काज करत होती. तिने मान वर केली नाही. “मी काय एकदम पक्की शिलाई मारते? आधी सगळा कपडा कच्च्या टाक्यावर उभा करते, मग पहिल्यापासून दुसरी फेरी घेते. हाताला सवय आहे ना अर्ध्याची? मग ठोका सगळे अर्धे, नेहमीसारखे. ते झाल्यावर हातोडा बदला आणि दुसऱ्यांदा फिरा. दुसऱ्या फेरीत नवा खिळा नाही, नवं काही नाही. फक्त बाहेर राहिलेलं आत घालायचं.”

बाबांनी ताट पुढे ओढलं.

पहिली फेरी त्यांनी गुणगुणत मारली. दुसरीला जड हातोडा घेतला. पहिल्या खिळ्याचं डोकं लाकडाला टेकलं तेव्हा त्यांनी त्यावर अंगठा फिरवून बघितला, आणि मग ते थांबलेच नाहीत.

ठरल्या दिवशी साहेबांनी राखणदाराला आधीच मागे उभं केलं आणि दोन्ही हातांनी कठडा गदागदा हलवला. “आणखी हलवा,” बाबा खालून म्हणाले. “लाजू नका.”

उद्घाटनाला आई आली. कॅमेऱ्यांपुढून ती भराभर गेली, कपड्यांच्या खोलीत मात्र काचेला नाक लावून एका झग्याची कड तपासली आणि “बरी आहे” म्हणाली. शेवटच्या दालनात सगळे समोर गेले, आई सरळ मागे. भिंतीच्या उघड्या लाकडावरून तिने उजवा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. बाही कुठे अडकली नाही.

मग ती जिना चढली. सगळ्यात वरच्या पायरीवर कठडा धरून उभी राहिली. बाबा खाली, नव्या बुटांत.

“हा कधी मोडणार?” तिने विचारलं.

“नाही मोडणार.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग बसते थोडा वेळ,” आई म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली. मागे रांग लागली. राखणदार पुढे झाला, तर बाबांनी त्याला हाताने अडवलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवले नाहीत.

घरी आल्यावर बाबांनी बूटसुद्धा काढले नाहीत. हातोडा घेऊन थेट कपाटाकडे गेले. स्वयंपाकघरातून ठोकण्याचा आवाज येऊ लागला.

“दुसरी फेरी कधी?” आईने बाहेरून विचारलं.

“लागणार नाही,” बाबा म्हणाले. “एकाच घावात जातायत.”