ही मशेरी नाही

फोन नाक्यावरच्या एसटीडीवाल्याकडे आला होता. दुकान तसंच सोडून तो स्वतः माझ्या दारात आला. "नाना, नावड्यावरून फोन हाय. होल्ड करून ठेवलाय." मी चपला न घालताच निघालो. पलीकडून शमीमचा भाऊ बोलत होता. "नाना, शमीम गेली." मी विचारलं, "कुठं?" कारण आमच्याकडे भाड्याने राहायची तेव्हा ती सारखी कुठे ना कुठे जायची, कधी पुण्याला, कधी हैदराबादला, एकदा तर जपानला, आणि जाताना मला कळवायची... भाऊ म्हणाला, "सकाळी लॅबमध्ये डोक्यातली शीर फुटली. असरच्या नमाजनंतर दफन आहे." मी रिसीव्हर ठेवला आणि नावड्याची बस धरली. कबरस्तानात सगळ्यांबरोबर मूठभर माती दिली. माती हातातून सुटली तेव्हा एवढंच मनात आलं की हिला एक वाक्य सांगायचं राहिलं. सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती. आता महिना होऊन गेला, तरी ते वाक्य माझ्या घशातच आहे. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, लेख वगैरे लिहिणं माझं काम नव्हे. पण लिहितोय. नातीने ऱ्हस्व-दीर्घ तपासलंय, बाकी सगळं माझं आहे.

आम्ही कोपरखैरण्याचे मिठागरवाले. खाडीला लागून आमचे मिठाचे वाफे होते. शहर बसवायचं म्हणून सरकारने ते घेतले आणि आज तिथे सोसायट्या आहेत, खाली जिना, वर गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. मला नोकरी देतो म्हणाले होते. शिपायाची. ज्याने भरतीचं पाणी बांधावर अडवलं, त्याने साहेबाला पाणी नेऊन द्यायचं? नाही म्हणालो. गावठाणात घरामागे दोन खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. त्यातल्या एकीत शमीम राहायला आली. श्रीवर्धनकडची मुलगी, वय तिशीच्या आसपास, रसायनात डॉक्टर झालेली, तुर्भ्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. आधी तिने नव्या सोसायट्यांमध्ये आठ-दहा दारं वाजवली होती. नाव सांगितलं की जागा नेमकी कालच गेलेली असायची. माझ्या ओट्यावर येऊन उभी राहिली तेव्हा मी एकच विचारलं, "मासे खातेस काय?" ती म्हणाली, "खाडीकाठची आहे मी. निवट्या खाते, चिंबोऱ्या खाते, विचारताय काय!" मी म्हणालो, "मंग रहा."

पहिले काही दिवस मला एक कोडंच पडलं होतं. ती तिच्या मोबाइलवर भावाशी बोलायची आणि बोलता बोलता मधूनच "नॅनो, नॅनो" करायची. मला वाटायचं, ही माझीच काहीतरी तक्रार सांगतेय. शेवटी बायकोने, चांगुणाने, तोंडावर विचारलं, "आमच्या नानाचं काय चाललंय गो फोनवर?" शमीम हसून हसून खाली बसली. मग तिने सांगितलं. नॅनो म्हणजे बारीक. इतकं बारीक की मिठाच्या एका दाण्याचे कितीही तुकडे केले तरी तिथे पोचायला अजून बाकी राहतं. तिचं काम अशा बारीक कोळशावर होतं. करवंटीचा कोळसा. तिच्या बोलण्यातून मला समजलं ते असं, की त्या कोळशात वीज साठवून ठेवता येईल आणि त्याच कोळशाने आजारी माणसाच्या रक्तातलं विषही पकडता येईल. एकच माल, कामं दोन. मी म्हणालो, "करवंट्या जाळून आमी आंघोळीचं पानी तापवतो." ती म्हणाली, "तेच तर. तुम्ही जाळता, मला जाळायच्या नाहीत."

लॅबमध्ये तिची भट्टी होती, पण करवंटी आधी कोंडून भाजायला लागते आणि तिचा धूर कंपनीला चालत नव्हता. मग आमच्या मागच्या अंगणात लोखंडी पिंप आलं. तिने दोनदा केलं आणि दोन्ही वेळा राख झाली. मी ओट्यावर बसून बघत होतो, काही बोललो नाही. न विचारता शिकवणं माझ्या स्वभावात नाही. तिसऱ्या वेळी ती समोर येऊन बसली. "नाना, काय चुकतंय?" मग उठलो. झाकणाच्या फटी खाडीच्या चिखलाने लिंपल्या. मिठागराची उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायची झडप, आम्ही त्याच चिखलाने लिंपायचो, पाण्याचा थेंब आत यायचा नाही, मग हवा कुठून येणार? आणि सांगितलं, "उघडायची घाई करायची नाय. घाई केली की मिठाचा दाना पन माती खातो." दुसऱ्या दिवशी पिंप उघडलं तर करवंट्या जशाच्या तशा, नुसत्या काळ्या, आणि एकमेकींवर आपटल्या की काचेसारखा आवाज. तिने ते तुकडे लॅबमध्ये नेले, वाफेवर भाजले, दळले, धुतले आणि पंधरा दिवसांनी काचेच्या बरणीत पूड आणून मला दाखवली. चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "नाना, याच्या प्रत्येक कणाला आत भोकं आहेत. भोकांच्या आत भोकं. ती सगळी उलगडून पसरली ना, तर या चिमटीत तुमच्या दोन वाफ्यांएवढी जमीन भरेल."

मी हात हलवला नाही. वारा होता, पूड उडाली असती. ज्या माणसाची जमीन गेली त्याला कोणी असं काही सांगितलं तर काय वाटतं, ते लिहायला मला येत नाही. एवढंच म्हणालो, "ही जमीन सरकारला नको सांगू."

ती बरणी तिने आमच्या कोनाड्यात ठेवली, आमचा पहिला माल म्हणून. तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे बायका सकाळी मशेरी लावतात, म्हणजे तंबाखू तव्यावर काळा भाजून त्याची पूड दातांना घासतात. चांगुणाची मशेरी संपली होती. तिने कोनाड्यातली काळी पूड बोटावर घेतली आणि घासली. थोड्या वेळाने अंगणातून तिची हाक आली, "अगो शमीम, यो कसला तंबाखू? चटका नाय, चव नाय, आनि तोंडातून निघत पन नाय!" शमीम केसांना तेल लावत होती. तशीच धावत आली, चांगुणाच्या तोंडात स्वतःचं बोट घातलं आणि दात, हिरड्या, जीभ सगळं पाण्याने धुऊन काढलं. दोघी हसत होत्या, पण पाणी स्वच्छ येईपर्यंत शमीमने तिला चुळा भरायला लावल्या. त्याच दिवशी तिने बरणीवर कागद चिकटवला. मला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं: ही मशेरी नाही.

मग दिवा झाला. त्या पुडीचा लेप लावलेल्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये ओला कागद आणि कागदाला माझ्याकडच्या शेवटच्या पोत्यातल्या मिठाचं पाणी. सेल जोडून तिने त्यात वीज भरली, मग सेल काढून टाकला आणि उडदाएवढा लाल दिवा जोडला. पेटला की! आम्ही तिघं बघत बसलो. हळूहळू मंद झाला आणि विझला. चांगुणा म्हणाली, "बिल तर नाय ना येनार?"

पुढच्या वर्षी चांगुणाच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. रक्त मशीनवर धुवायला लागलं. एकदा धुतलं की दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच, खाज, उलट्या. मला त्या बरणीशिवाय दुसरं काही सुचेना. रक्तातलं विष धरणारी पूड माझ्याच कोनाड्यात आहे आणि माझी बायको मशीनच्या नंबरासाठी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसते! मी शमीमला म्हणालो, "हिला दे." ती म्हणाली, "अजून नाही, नाना." मी विचारलं, "का?" तिने मला समजेल असं सांगितलं. पूड विष धरते, पण रक्तातलं चांगलंही धरते. काय धरायचं आणि काय सोडायचं ते तिला अजून शिकवता आलेलं नाही. आणि बारीक कण सुटून अंगात गेले तर ते परत काढता येणार नाहीत. मी समजलो. समजूनही बोललो, ते असं. "माजा चिखल, माज्या करवंट्या, माजं मीठ, आनि माज्याच बायकोला नाय? तुमची मानसं असती तर दिली असती." ... शमीम उभी होती ती उभीच राहिली. "माझी आई असती तरी नसती दिली," म्हणाली आणि खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅबला गेलेली असताना मी बरणी काढली. चमचाभर पूड पाण्यात कालवली आणि चांगुणाच्या तोंडाशी नेली. तिने विचारलं, "शमीमला विचारलंस?" मी भांडं आणखी जवळ नेलं. ती म्हणाली, "मशेरी समजून खाल्ली तवा त्या पोरीनं माज्या तोंडात बोट घालून काढली. ती नाय म्हनते तं नाय." आणि ओठ मिटून घेतले. मी चमचा धरून बसून राहिलो. शेवटी पाणी मोरीत ओतलं.

त्यानंतर चार महिन्यांनी चांगुणा गेली. तेराव्यानंतर मी शमीमला खोली खाली करायला सांगितली. का, म्हणून तिने विचारलं नाही. सामान टेम्पोत भरलं आणि नावड्याला भावाकडे गेली. बरणी मात्र ठेवून गेली. 'ही मशेरी नाही'च्या खाली तिने आणखी एक ओळ लिहिली होती: औषध नाही. अजून. मी बरणीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

ईदला तिचा भाऊ शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. मी घेतला, बोललो नाही. पण कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, ही आमच्या घरची चांगुणाची रीत. घरात गोडधोड काही केलेलं नव्हतं. डब्यात मीठ भरून दिलं. पुढच्या प्रत्येक ईदला पुन्हा डबा, पुन्हा मीठ. भाऊ मागाहून म्हणाला, ते मीठ ती घरात वापरायची नाही, लॅबमध्ये न्यायची.

शेवटची आली ती दोन महिन्यांपूर्वी. हातात छापलेला कागद होता. इंग्रजी. म्हणाली, "नाना, तुमचं नाव आहे यात. आभारात." मी विचारलं, "चांगुणाचं?" "आहे की. आधी तिचंच. पहिली चाचणी तिनेच घेतली ना, तोंडाने." मी हसलो. खूप दिवसांनी हसलो. ती सांगत होती की कणांवर आता पातळ साल चढवता येते, चांगलं बरंचसं सुटतं, पण सगळं नाही. "म्हणजे औषध झालं काय?" मी विचारलं. "अजून नाही." तेव्हाच बोलायला हवं होतं. 'पोरी, तू बरोबर होतीस.' एवढंच. वाक्य जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "चहा घे." ती चहा प्यायली, कप विसळून ठेवला आणि गेली.

गेल्या आठवड्यात आमच्या आळीतला बाळाराम आला. त्याच्या आईच्या किडन्या गेल्यात. तो बसला नाही, उभ्या उभ्याच बोलला. "नाना, ती मुसलमान डॉक्टरीन तुमच्याकडं रक्त साफ करायची पूड ठेवून गेली ना? थोडी द्या. मी कोनाला सांगनार नाय." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मशीनच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाचं तोंड मला ओळखता येतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "अजून नाय, बाळाराम." कारण सांगितलं, जसं तिने मला सांगितलं होतं तसं. चांगलंही धरते, कण परत काढता येत नाहीत. तो समजला. समजूनही बोलला. म्हणाला, "म्हाताऱ्या, तुजी बायको मेली म्हनून दुसऱ्याची आई पन मरू दे, असंच ना?" आणि फाटक आपटून गेला.

मी तसाच उभा राहिलो. ज्या हाताने तिने चांगुणाचं तोंड धुतलं, तो हात मला आठवला, आणि माझं ते बोलणं ऐकून उभीच राहिलेली ती. नाही म्हणायला किती जोर लागतो, ते मला या वयात कळलं.

बाळाराम सध्या माझ्याशी बोलत नाही. मी त्याच्या आईसाठी मशीनच्या नंबराला जाऊन बसतो, मला तिथली माणसं माहीत आहेत. आणि कोनाड्यातली बरणी मी फिरवली. अक्षरं आता माझ्याकडे आहेत. रोज सकाळी चूळ भरताना एकेक अक्षर जुळवत वाचतो, शेवटचा शब्द, 'अजून', जरा मोठ्याने, म्हणजे चांगुणाच्या त्या पोरीला, शमीमला, ऐकू जाईल.