न ऐकणारा अंगठा

जयपूरच्या इस्पितळात आम्हा बायपोलरच्या रुग्णांची तपासणी चालली होती. डोक्याशी चुंबकाचं यंत्र धरतात. ते टक् वाजलं की अंगठा आपोआप उडतो. त्यावरून मेंदूचा लगाम किती घट्ट आहे, ते मोजतात.

माझ्या आधी लाखेच्या बांगड्या करणारा एकजण बसला होता. नखांत लाल लाख. अंगठा उडाला तसा तो खुशीत म्हणाला, "मेरी घरवाली को बुलाइए. रोज कहती है, अपने पे काबू रखो."

ती आली. तिनं त्याचा अंगठा मुठीत गच्च धरला. टक् वाजलं आणि तो मुठीतही उडाला.

ती हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दुखता है क्या?"

पुढचा नंबर माझा होता. मी जयपुरातच, मानसरोवर भागातल्या घरी फोन लावला. म्हटलं, "आई, जरा इकडे येतेस का?"