जावयाला जपानी शेंगा खाऊ घातल्या ते

सोयाबीन ही माणसानं खायची वस्तू न्हाई, जवळा बाजारच्या मोंढ्यात नेऊन इकायची वस्तू हाय. सारा जन्म म्या तेच केलं.

आमची कारभारीण सरू वारली तवापासून लेक सुनंदाचा पुण्याहून एकच धोशा. "आप्पा, घर बंद करा अन् इकडं या. तुमाला चहा तरी येतो का?"

"सारा सैपाक येतो! जावयाला घेऊन ये अन् खाऊन बघ!" (गाव सोडायचं नव्हतं म्हणून थाप! येत होती फक्त खिचडी. ती बी खालून जळकी, वरून कच्ची.)

दोघं खरंच निघाले! मोबाइलात जपानी लोकायची सोपी चीज सापडली. सोयाबीनच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडायच्या. बस! व्हिडिओतल्या पोरीनं अख्खी शेंग तोंडात धरली, अन् तिथंच रेंज गेली. म्हणलं, पुढं काय, चावायचंच की!

भादव्याचे दिवस, शेंगा भरलेल्या. उकडून जावयापुढं थाळी ठेवली. सुनंदा मागं पाय धुवून राहिली होती.

"घ्या पाव्हणं, जपानी हाय!"

"आधी तुम्ही घ्या, मामा."

म्या अख्खी तोंडात टाकली. अगागा! साल म्हणावं का सुतळी! वरून लव अशी, जणू मांजराची शेपटी चावून राहिलो! पर थुकावं कसं? (थुकलं की पुणं!) जावयानं माझ्याकडं पाहून एक अख्खी टाकली. डोळ्यात टचकन पाणी.

"कशी हाय?"

"छान... भरपूर चावायला मिळतं."

म्हणलं, शिकलेला माणूस खाऊन राहिला म्हणजे रीत बराबर हाय. घेतली दुसरी. सासरा थांबेना म्हणून जावई थांबेना, अन् जावई थांबेना म्हणून सासरा!

सुनंदा आली अन् किंचाळलीच. "आप्पा! सालपटं कुठं हायेत?"

"कोणती सालपटं?"

"अवो, दातानं दाबून दाणे तेवढे खायचे! साल टाकायची!"

"पाव्हणं, मंग तुमी काहून खाल्ली?"

"तुम्ही शेतकरी, मामा! म्हटलं, तुम्हाला माहीत असेल!"

"आप्पा, तुरीच्या शेंगा तर जन्मभर खाल्ल्या ना?"

"खाल्ल्या की. पर तुझी आई सोलून दाणे हातावर ठेवायची. साल कुठं जाती, म्या कधी इचारलंच न्हाई."

सुनंदानं डोळे पुसले. "ठरलं. उद्याच पुण्याला चला."

जावई घसा धरून ताडकन उठला. "नको गं! इथंच राहू दे त्यांना! तिथं रोज काही करून घातलं तर?"

चौथीत नापास झालो अन् शाळा सुटली. त्यानंतर जन्मात पास झालो तो एकदाच, ते बी जावयाच्या घशावर!