कोऱ्या लुगड्याचा पदर

“सुई देत नाही तं मंग काहून आलो आम्ही इथं?” उमरेडच्या विणकराघरची सासू मला विचारत होती. शेजारी तिची नवी सून कमला, मान खाली घालून. दोन्ही डोळ्यांखाली काळी वर्तुळं, काजळ फासल्यासारखी. हिला काही रोग निघाला तर माहेरी पोचवून द्यायची, असं घरात ठरलं होतं.

आधी समोरच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. शहरातल्या सदर भागात माझ्या दवाखान्यासमोरच त्याचा दवाखाना. त्याच्याकडे ओट्यापर्यंत रांग, माझं बाक रिकामं. जळायचे मी त्याच्यावर, खोटं कशाला बोलू? आल्यागेल्याला लिव्हरचं इंजेक्शन टोचायचा. अशक्तपणावर ते तेव्हा सर्रास देत. कमलाचाही कोर्स चालू होता.

मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतून लाल, म्हणजे रक्त कमी नव्हतं. झोपही चांगली. मग दिसलं, ती सारखी पदराने डोळे पुसत होती. तिथली कातडी चोळून चोळून जाड झालेली. पदराला कडक खळ. ओलं बोट घासलं, तर निळं झालं.

त्यांच्याकडे रीतच होती. गिऱ्हाईक आलं की नव्या सुनेनं मागावरून उतरलेलं लुगडं नेसून, डोळ्यांपर्यंत पदर घेऊन पुढे बसायचं. माल अंगावर खुलतो. धुतलं तर चमक जाते, म्हणून कोरंच.

“लुगडं धुऊन नेसू दे तिला. पदर डोळ्यांना लावायचा नाही. औषध नको.”

“मी तं जलमभर कोरंच नेसली. मले काही झालं नाही.”

“सगळ्यांची कातडी सारखी नसते, बाई. हिला रोग नाही. माहेरी धाडू नका.”

सासू कुरकुरली, पण कमलानं ऐकलं. खाज थांबली, काळेपणा हळूहळू फिका पडला, ती सासरीच राहिली. तेवढ्यात समोरचा इंजेक्शनांचा कोर्सही संपला.

एका सकाळी दोघी माझ्या दारावरून गेल्या. कमला वळून हसली. सासू थेट समोरच्या दवाखान्यात शिरली. डॉक्टर म्हणजे देवमाणूस म्हणे, आणि त्याच्या बायकोला घरच्या मागाचं कोरं लुगडं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लुगडं धुवा म्हणणाऱ्या डॉक्टरला कोणी लुगडं देत नाही, हे मी तेव्हा शिकले.

डॉक्टरची बायको दिवाळीभर ते नेसून समोर मिरवली. मी रोज तिच्या डोळ्यांखाली बघायचे. काही म्हणजे काही झालं नाही मेलीला. सगळ्यांची कातडी सारखी नसते.