अर्धं काळं छत

सवसनने छताचा डावा भाग झाडून काढला होता, उजवा अजून चुलीच्या धुराने काळाकुट्ट होता. तेवढ्यात धाब्यावर पावलं वाजली आणि छतातल्या झरोक्यातून नवऱ्याचं, कदमशोचं, तोंड खाली डोकावलं.

नवरोझला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, घर झाडून होईपर्यंत पुरुषांनी बाहेर राहायचं, ही बार्तंगच्या खोऱ्यातली रीत. वाडवडिलांनी ती फार विचाराने घातली असणार. वर्षभर चुलीशी बसून सूचना देणाऱ्यांपासून निदान एक सकाळ सुटका.

"अगं, अजून किती वेळ?"

"तुम्ही उजेड अडवलाय. बाजूला व्हा, म्हणजे दिसेल किती ते."

"मग मी लेकीकडे जाऊन येतो. मोहबेगिमनं बकऱ्याच्या डोक्याची लापशी शिजवली असेल."

सवसनचा झाडू थांबला. लेकीचं गाव 'म्हातारीच्या घशा'पलीकडे. घसा म्हणजे दोन कड्यांमधली घळ; वसंतात एकदा तरी खोकतेच, आणि खोकली की बर्फ कोसळून खालची वाट गिळतो. पहाटे पाणी आणताना सवसनचा पाय बर्फात गुडघ्यापर्यंत रुतला होता. रात्रभर आभाळ झाकलेलं, बर्फावर कवच धरलंच नव्हतं. आता तर ऊन डोक्यावर आलं होतं.

"अहो, आज घशाखालून नको. वरून बर्फाचे अक्रोडाएवढे गोळे आपोआप सुटतायत, खाली येईतो भोपळे होतात."

"बर्फ मला शिकवतेस? हळू चालावं, खोकू नये, बर्फ काही करत नाही."

कदमशोला बर्फाचं एवढं ज्ञान होतं की त्यातलं निम्मं बर्फालाही ठाऊक नव्हतं. मागच्या वसंतात त्याच्या खात्रीवर त्याच वाटेने सोडलेलं गाढव उन्हाळ्यात सापडलं. छान टिकलं होतं.

नको म्हटलं की हा माणूस हटकून जाणार. सवसनने झाडूकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. सणाच्या दिवशी खोटं बोलायचं म्हणजे जिवावर आलं. पण तिने मनातल्या मनात खुदाला सांगून टाकलं, की नवरा तूच दिलास, तेव्हा हेही तूच सांभाळून घे.

"जाताय कुठे? झालंय झाडून. या आत."

कोपऱ्यात बसलेली सासू, शकरमो, कळवळली. "सूनबाई, अर्धं छत काळं आणि पुरुषाला आत घेतेस? वर्षभर घराला काळं लागेल."

"लागू दे, आई. काळं पुसता येतं."

सासूने लेकाच्या पावलांचा आवाज ऐकला आणि दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून बसली.

कदमशो दाराशी आला, छाती फुगवून म्हणाला, "वसंत मुबारक!"

"तुम्हालाही मुबारक," म्हणत सवसनने त्याच्या उजव्या खांद्यावर पीठ टाकलं. रीत चिमटीची; हिने मूठ रिकामी केली. पीठ पडलं की जेवल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, एवढं तरी त्याला मान्य होतं.

"हा भाग काळा कसा?"

"सावली आहे. बसा."

तो बसला. लापशीचा दुसरा वाडगा संपत आला तेव्हा जमिनीखालून कुणी जड पेटारा ओढत न्यावा तसा आवाज आला. तो थांबेचना. चहावरची साय थरथरली. मग गप्प.

"घसा सुटला," शेजारची झरबीबी धाब्यावरून म्हणाली. "वाट गेली. बरं झालं, बापे सगळे दारादारांत उभे होते."

शकरमोने गालावरचा हात काढला आणि लेकाच्या पाठीवरून फिरवला.

कदमशोने चमचा चाटला. "मी म्हणत होतो, आजचा दिवस जायचा नाही."

"हो ना. तुमचं ऐकलं म्हणून वाचलो."

त्याने मान डोलावली. मग ती डोलायची थांबली. "मोहबेगिमला मी काल सांगितलंय, दुपारी येतो म्हणून."

म्हणजे पलीकडे लेकीनेही तोच आवाज ऐकला होता, आणि बाप वाटेवर आहे असं धरून.

सवसनने काजळीचे हात तसेच झग्याला पुसले. फोनला रेंज फक्त पाणचक्कीपाशी येते. ती तिकडे निघाली, लेकीला सांगायला की बाप घरी जेवतोय.